त(०) = ० आलं, तरी रूपांतरण रेषीय असेलच असं नाही

प्रश्न थोडक्यात असा. एस. वाय. बी.एस्सी.च्या पेपरात त(क्ष, य) = (क्ष − २य, |य|) हे रूपांतरण रेषीय आहे का, असं विचारलं होतं. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याने त(०, ०) = (०, ०) दाखवलं, मग (१, ०) आणि (०, १) घेऊन बेरजेचा नियम जुळतो हे दाखवलं, आणि खाली लिहिलं, ‘म्हणून लिनिअर.’ पाचपैकी एक मार्क मिळाला. त्याला दोन गोष्टी हव्या आहेत: चुकलं कुठे, आणि य = ३क्ष + २ ही तर सरळ रेषा, मग लिनिअर अल्जिब्रात तिला रेषीय का म्हणत नाहीत?

मी हा विषय बरीच वर्षं शिकवते आणि ही चूक दर वर्षी निम्म्या तरी उत्तरपत्रिकांत दिसते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमचाच हिशेब बघू. त(१, ०) = (१, ०). त(०, १) = (−२, १). दोन्हींची बेरीज (−१, १). आणि त(१, १) काढलं तर तेही (−१, १). म्हणजे आकडेमोडीत काहीही चूक नाही. आता (०, −१) घ्या. त(०, −१) = (२, १). पण रूपांतरण रेषीय असतं तर हे उत्तर −त(०, १), म्हणजे (२, −१) यायला हवं होतं. दुसऱ्या जागी १ आलाय, हवा होता −१. संपलं. रूपांतरण रेषीय नाही, आणि हे सिद्ध करायला एवढी एक ओळ पुरते.

तुम्ही केलेली प्रत्येक तपासणी खरी होती, पण ती ठरावीक सदिशांपुरती होती. व्याख्या पुन्हा लिहून काढा. सदिशांसाठी स आणि द, अदिशासाठी क आणि रूपांतरणासाठी त ही अक्षरं घेऊ:

त(स + द) = त(स) + त(द), प्रत्येक स आणि द साठी.

त(क·स) = क·त(स), प्रत्येक स साठी आणि प्रत्येक क साठी.

विद्यार्थी ही समीकरणं पाठ करतात आणि ‘प्रत्येक’ हा शब्द गाळतात. खरं तर सगळं वजन त्याच शब्दात आहे. रेषीय ‘आहे’ म्हणायचं असेल तर अक्षरं घेऊनच सिद्ध करावं लागतं. कितीही आकडे घातले तरी ते पुरत नाहीत. रेषीय ‘नाही’ म्हणायचं असेल तर उलट. तिथे अक्षरांचा पसारा मांडू नका, एक जोडी आकडे घ्या आणि दोन बाजू वेगळ्या येतात हे दाखवा. अनेक मुलं नेमकं उलटं करतात: ‘आहे’ साठी आकडे आणि ‘नाही’ साठी अक्षरं. आणि ‘नाही’ साठी अक्षरं वापरली की |य₁ + य₂| ≠ |य₁| + |य₂| असं काहीतरी लिहिलं जातं, जे चूकच आहे, कारण १ आणि २ साठी त्या दोन्ही बाजू सारख्याच येतात.

आता सरळ रेषेचा प्रश्न. इथे शब्दाचा घोळ आहे आणि तो तुमचा दोष नाही. शाळेत ‘रेषीय समीकरण’ म्हणजे ज्याचा आलेख रेषा येतो ते. लिनिअर अल्जिब्रात आलेखाचा आकार कोणी विचारत नाही. तिथे विचारतात ते एवढंच: आधी बेरीज करून मग रूपांतरण केलं काय, किंवा आधी रूपांतरण करून मग बेरीज केली काय, उत्तर एकच येतं का? य = ३क्ष + २ मध्ये क्ष = १ ला ५ येतात, क्ष = २ ला ८. दुप्पट व्हायला १० हवे होते. तो २ प्रत्येक वेळी एकदाच मिळतो, म्हणून दुपटीचा हिशेब बसत नाही.

सेल्सिअसचं फॅरनहाइट करण्याचं सूत्र हेच आहे. १५ अंश सेल्सिअस म्हणजे ५९ फॅरनहाइट, ३० सेल्सिअस म्हणजे ८६. ५९ ची दुप्पट ११८ होते, ८६ नाही. पण तापमानातला फरक घेतलात तर १५ अंश सेल्सिअसचा फरक नेहमी २७ अंश फॅरनहाइटचाच असतो, ३० चा ५४ चा. म्हणजे ते ३२ बाजूला काढले की उरलेला भाग रेषीय आहे. अशा रूपांतरणांना ॲफाइन म्हणतात: एक रेषीय रूपांतरण, अधिक एक ठरलेला सदिश. त(०) = ० ही तपासणी पकडते ती मुख्यतः हीच भेसळ. बाकी भेसळीला ती आंधळी आहे.

माझी स्वतःची पद्धत सांगते. सूत्र समोर आलं की पेन्सिलने, चार ओळींत, मी चार चाळण्या लावते. पहिली शून्याची: त(०) शून्य येतं का? ‘+ १’, कोसाइन, घातांकी फल (फंक्शन) असले इथेच गळतात. दुसरी दुपटीची: एखादा साधा सदिश दुप्पट केला तर उत्तर दुप्पट होतं का? वर्ग आणि गुणाकार इथे अडकतात. क्ष × य मध्ये (१, १) ला १, (२, २) ला ४. दोन बाय दोन मॅट्रिक्सचा निश्चयकही (डिटर्मिनंट) इथेच जातो, कारण एकक मॅट्रिक्सचा निश्चयक १ आणि तिच्या दुपटीचा ४. तिसरी चाळणी वजा एकची, आणि हीच सगळे विसरतात. केवलमूल्य, दोन संख्यांतली मोठी संख्या, सदिशाची लांबी, ही सगळी मंडळी शून्य आणि दुपटीतून अलगद सुटतात आणि वजा एकला सापडतात. तुमचं रूपांतरण या तिसऱ्या चाळणीत अडकलं असतं. चौथी बेरजेची: आधारातले, म्हणजे ज्यांच्या पटी आणि बेरजा करून बाकी सगळे सदिश मिळतात अशा (१, ०), (०, १) यांसारख्यांतले, दोन सदिश घेतले तर बेरजेचा नियम जुळतो का?

चारही चाळण्यांतून सुटलं तर ते रेषीय आहे असं अजून म्हणायचं नाही. आता सिद्धता लिहायला बसायचं, एवढाच त्याचा अर्थ. सिद्धता कुठेतरी अडली तर ती अडते तिथेच प्रतिउदाहरण लपलेलं असतं.

चौथी चाळणी खरंच लागते का, असं वर्गात कोणीतरी दर वर्षी विचारतं. एकाच मितीत नाही लागत. वास्तव संख्यांवर त(क·स) = क·त(स) असेल तर त(क्ष) = क्ष·त(१) झालंच, बेरीज आपोआप जुळते. पण मिती वाढली की चित्र बदलतं, आणि याचं माझं आवडतं उदाहरण नववी-दहावीच्या सांख्यिकीतलं आहे: मध्य (म्हणजे सरासरी) आणि मध्यक (म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या).

तीन विद्यार्थी घ्या. गणितात त्यांना ४०, ६०, ८० मार्क आहेत. भौतिकशास्त्रात त्याच क्रमाने ९०, ३०, ६०. दोन्ही विषयांचा मध्य ६०, दोन्हींचा मध्यकही ६०. आता एकूण मार्क: १३०, ९०, १४०. मध्य १२०, म्हणजे ६० अधिक ६०. पण मध्यक १३०! बेरजांचा मध्यक हा मध्यकांची बेरीज नाही. आणि गंमत बघा, बाकी सगळ्या चाळण्यांतून मध्यक सुटतो. सगळ्यांचे मार्क शून्य तर मध्यक शून्य. सगळे दुप्पट तर मध्यक दुप्पट. चिन्हं उलटी केली तर क्रम उलटा होतो, मधला मधलाच राहतो, फक्त त्याचं चिन्ह बदलतं. कोणताही क घ्या, त(क·स) = क·त(स) खरं ठरतं, तरीही रूपांतरण रेषीय नाही. पेपरात लिहायला याहून छोटं प्रतिउदाहरण: (१, ०, ०) चा मध्यक ०, (०, १, ०) चा ०, बेरीज (१, १, ०) चा मध्यक १.

मध्य रेषीय, मध्यक नाही, आणि हा फरक नुसता परीक्षेपुरता नाही. फोटोवर पडलेले काळे-पांढरे ठिपके घालवायला मध्यकाचा फिल्टर वापरतात तो याच कारणाने. आजूबाजूच्या पिक्सेलांचा मध्य घेतला तर एका पांढऱ्या ठिपक्याचं वजन सगळ्यांवर पसरतं, कारण बेरजेत प्रत्येकाचा वाटा असतो. मध्यक मात्र तो ठिपका सरळ बाजूला टाकतो. ‘बाजूला टाकणं’ ही रेषीय कृती नाही, आणि इथे तेच कामाचं ठरतं. रेषीय नसणं हा दोष आहे असा समज असेल तर तो सोडून द्या.

आता उलट बाजूचा फसवा प्रकार. सूत्र बघून रेषीय वाटत नाही, पण असतं. त(क्ष, य) = ((क्ष + १)² − क्ष² − १, य) असं आलं तर वर्ग बघून ‘नाही’ लिहू नका. कंस सोडवा, पहिला घटक २क्ष निघतो. म्हणून कोणतीही चाळणी लावण्याआधी सूत्र सोपं करून घ्यायचं. वास्तव सदिशांच्या अवकाशात, म्हणजे जिथे इनपुट (क्ष, य) किंवा (क्ष, य, झ) असं येतं तिथे, सोप्या केलेल्या सूत्राचा प्रत्येक घटक ‘ठरावीक संख्या गुणिले चल’ अशा पदांची बेरीज असेल आणि सुटा स्थिरांक नसेल, तरच रूपांतरण रेषीय असतं. कारण अशा प्रत्येक रूपांतरणामागे एक मॅट्रिक्स असते. एवढ्या प्रकारात डोळ्यांनी बघून सांगता येतं.

पण अवकाश बहुपदींचा असला की डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. प्रश्न असा असतो: बहुपदी प(क्ष) ला प(क्ष + १) शी जोडणारं रूपांतरण रेषीय आहे का? वर्गात विचारलं की एकमुखाने ‘नाही’ येतं, कारण ‘+ १’ दिसतो. थांबा आणि विचारा, या रूपांतरणाचा इनपुट काय आहे? क्ष नाही. इनपुट अख्खी बहुपदी आहे, क्ष ही फक्त तिच्या आतली जागा. प = क्ष² आणि फ = ३क्ष घेऊन बघा. प चं (क्ष + १)² होतं, फ चं ३(क्ष + १). बेरीज क्ष² + ३क्ष चं काय होतं? (क्ष + १)² + ३(क्ष + १). तेच. अक्षरांत लिहायचं तर प + फ या बहुपदीत क्ष च्या जागी क्ष + १ टाकणं म्हणजे प(क्ष + १) + फ(क्ष + १), कारण बहुपदींची बेरीज जागोजागच्या किमतींची बेरीज करूनच होते. क पटीचंही तसंच. शून्य बहुपदीत क्ष च्या जागी काहीही टाका, ती शून्यच राहते. रूपांतरण रेषीय आहे, सिद्धता दोन ओळींची.

याच न्यायाने प(क्ष) चं प(क्ष²) करणं रेषीय आहे, पण (प(क्ष))² करणं नाही: स्थिर बहुपदी १ चं १ होतं आणि २ चं ४. प ला क्ष² ने गुणणं रेषीय, प मध्ये १ मिळवणं नाही. विकलन (डिफरन्सिएशन) रेषीय, ० ते १ पर्यंतचं संकलन (इंटिग्रेशन) रेषीय, पण प ला त्याच्याच विकलजाने गुणणं नाही, कारण क्ष चं क्ष होतं आणि २क्ष चं ४क्ष. खूण अशी धरा: इनपुट स्वतःशीच गुणला गेला की बिघडतं. बाहेरच्या, ठरलेल्या वस्तूने गुणला गेला तर काही बिघडत नाही, मग ती बाहेरची वस्तू क्ष² असो, साइन क्ष असो, नाहीतर एखादी ठरावीक मॅट्रिक्स असो. मॅट्रिक्समध्येही हेच: म ला अ × म करणं रेषीय, म × अ × म करणं सहसा नाही. ट्रान्सपोज रेषीय. मुख्य कर्णावरच्या संख्यांची बेरीज, म्हणजे ट्रेस, रेषीय.

एक गोष्ट मात्र सूत्राकडे बघण्याच्याही आधी तपासा. अवकाश खरंच सदिश अवकाश आहे का (म्हणजे त्यात बेरीज आणि पट करता येतात का, शून्य सदिश आहे का), आणि उत्तर सांगितलेल्या अवकाशातच पडतं का? ‘जास्तीत जास्त दोन घातांच्या बहुपदींवरून त्याच अवकाशात, प ला क्ष × प’ असं विचारलं तर क्ष² चं क्ष³ होऊन ते बाहेरच जातं. तिथे रेषीयतेचा प्रश्नच उभा राहत नाही. व्यस्त मॅट्रिक्स घेण्याचंही तेच. व्यस्त असणाऱ्या मॅट्रिक्सांचा संच सदिश अवकाशच नाही, कारण शून्य मॅट्रिक्स त्यात नसते.

आणि फील्ड कोणतं, म्हणजे अदिश कोणत्या संख्यांतून घ्यायचे, ते विचारायला विसरू नका. संमिश्र संख्येची संयुग्मी घेणं, म्हणजे ३ + २ई चं ३ − २ई करणं (ई म्हणजे −१ चं वर्गमूळ), बेरजेच्या नियमात चोख बसतं. वास्तव अदिश घेतलेत तर रेषीयही आहे, कारण हे वास्तव अक्षातलं प्रतिबिंब आहे. पण अदिश संमिश्र धरले की क = ई आणि स = १ घेऊन बघा: त(ई) = −ई, आणि ई·त(१) = ई. तुटलं. सूत्र तेच, उत्तर वेगळं. उलट उदाहरण तर याहून चमकदार आहे. फक्त ० आणि १ असलेलं फील्ड घ्या, जिथे १ + १ = ० असतं. तिथे क्ष चं क्ष² करणं रेषीय आहे! ० चा वर्ग ०, १ चा वर्ग १, म्हणजे वर्ग करणं आणि काहीच न करणं एकच. प्रश्नात ‘वास्तव संख्यांवर’ लिहिलंय की ‘संमिश्र संख्यांवर’, हे वाचायला लागणारे दोन सेकंद कधी वाचवू नका.

याच ठिकाणी एक जुना, सुंदर प्रश्न येतो: वास्तव संख्यांवर बेरजेचा नियम पाळणारं फल घेतलं तर पटीचा नियम आपोआप पाळला जातो का? परिमेय पटींसाठी होतो. त(स + स) = २त(स), त्यावरून त(स/२) = त(स)/२, आणि असंच पुढे सगळ्या अपूर्णांकांसाठी. अपरिमेय पटींसाठी? फ्रेंच गणितज्ञ कोशीने १८२१ साली दाखवलं की फल सलग (कंटिन्युअस) असेल तर हो, ते क × क्ष याच रूपाचं असतं. सलगतेची अट काढली तर काय, याचं उत्तर यायला १९०५ उजाडलं. जर्मन गणितज्ञ हॅमेलने परिमेय संख्यांच्या फील्डवर वास्तव संख्यांचा आधार असतो हे मांडून, बेरीज पाळणारं पण रेषीय नसलेलं फल उभं केलं. अशा फलाचा आलेख अख्ख्या प्रतलात इतका विखुरलेला असतो की कितीही छोटं वर्तुळ काढा, त्यात त्याचा एखादा तरी बिंदू सापडतोच. म्हणून व्याख्येत दोन अटी आहेत. एक दुसरीतून आपोआप येत असती तर सदिश अवकाशाची व्याख्या मांडणाऱ्या पेआनोपासून पुढच्या कोणीही ती उगाच लिहिली नसती.

परीक्षेत चकवा म्हणून येणारा आणखी एक प्रकार सांगते, कारण तिथे त(०) = ० ही तपासणीही चुकीच्या शून्यावर केली जाते. धन वास्तव संख्यांचा संच घ्या. त्यात ‘बेरीज’ म्हणजे गुणाकार आणि ‘क ने गुणणं’ म्हणजे क हा घात चढवणं, अशी व्याख्या केली तर तो खरोखर सदिश अवकाश होतो. इथला शून्य सदिश कोणता? १, कारण १ ने गुणल्याने काही बदलत नाही. या अवकाशातून नेहमीच्या वास्तव संख्यांत जाणारा लॉगॅरिदम घ्या. दोन संख्यांच्या गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज, आणि क व्या घाताचा लॉग म्हणजे क पट लॉग. अकरावीपासून पाठ असलेले लॉगचे दोन नियम म्हणजे रेषीयतेच्या नेमक्या दोन अटी आहेत. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत देखणा क्षण आहे. फळ्यावर हे दोन नियम एकाखाली एक लिहिले की वर्गात कोणीतरी ‘अरे!’ म्हणतंच.

शेवटी, तुमच्या पेपरातच पुढे येऊ शकणारा एक प्रकार. सूत्र न देता किमती देतात: त(१, ०) = (२, १), त(०, १) = (१, ३), त(१, १) = (३, ५), असं रेषीय रूपांतरण असू शकतं का? इथे आधारावरच्या किमती खरंच निर्णायक ठरतात, कारण रूपांतरण रेषीय असेल तर आधारावरच्या किमतींवरून बाकी सगळं ठरतं. पहिल्या दोन किमतींची बेरीज (३, ४). दिलंय (३, ५). म्हणून असं रेषीय रूपांतरण नाही. तिसरी किंमत (३, ४) दिली असती तर असं रेषीय रूपांतरण नक्की असतं, आणि एकच असतं. तुमची गल्लत इथूनच झाली असावी असं मला वाटतं. रूपांतरण रेषीय आहे हे आधीच माहीत असेल तेव्हा आधारावर तपासणं पुरतं. रेषीय आहे की नाही हेच शोधायचं असेल तेव्हा ते पुरत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं पाच मार्कांचं उत्तर असं लिहा: ‘स = (०, १) आणि क = −१ घेऊ. त(क·स) = त(०, −१) = (२, १). क·त(स) = −(−२, १) = (२, −१). (२, १) ≠ (२, −१), म्हणून त रेषीय नाही.’ त(०) चा उल्लेखही करायची गरज नाही.